‘टेन्शन घेऊ नको’ म्हणून बीपी उतरत नसतं: बायकांचं वजन, हार्मोन अन् ब्लडप्रेशर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सव्वीस वर्षं स्टाफ नर्स म्हणून काढली, आता रिटायर होऊन परभणीकडं गावीच राहते. बीपीचं मशीन पिशवीत असतंच, त्यामुळं बचत गटाच्या मीटिंगला गेले की हप्त्याची वही राहते बाजूला अन् बायका हात पुढं करून लाईन लावतात. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, गोळ्या चालू-बंद करायचं काम माझं पण नाही आणि शेजारच्या काकूंचं तर त्याहून नाही.

मला कसलंच टेन्शन नाही, पोरं मार्गी लागलीत, तरी बीपी कशामुळं वाढायलंय?

हा प्रश्न मी हजारदा ऐकलाय आणि दर वेळी मला राग येतो, विचारणारीचा नाही, तिला ‘टेन्शन घेऊ नको’ एवढंच सांगून परत पाठवणाऱ्यांचा. इंग्रजीतला ‘हायपरटेन्शन’ शब्द आपल्याकडं येता येता ‘टेन्शन’ झाला आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला. त्यातलं टेन्शन म्हणजे रक्तवाहिन्यांतला ताण, सासू-सुनेतला नाही. मनाच्या ताणानं बीपी तेवढ्यापुरतं वर जातं हे खरं, पण महिनोन्‌महिने १५०, १६० राहायलंय तर कारणं दुसरीकडं शोधावी लागतात, मीठ, वय, आई-वडिलांकडून आलेलं, किडनी, झोप, आणि बायकांच्या बाबतीत फार कमी बोललं जाणारं एक कारण म्हणजे पोटावरची चरबी आणि ती तयार करते ते हार्मोन. या पानावर मुख्य त्याचंच आहे.

चरबी म्हणजे नुसती साठवण ना? तिचा अन् हार्मोनचा काय संबंध?

आम्ही ट्रेनिंगला होतो तेव्हा आम्हालाही असंच शिकवलं होतं, चरबी म्हणजे कणगीत भरून ठेवलेलं धान्य, दुष्काळात कामाला येणारं. ते अर्धंच खरं निघालं. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन सापडलं, म्हणजे चरबीच्या पेशी स्वतः बनवतात असा हार्मोन. त्याचं मूळ काम मेंदूला निरोप द्यायचं, ‘बास, साठा भरपूर आहे, आता खाणं आवर’. नाव पण ग्रीक भाषेतल्या ‘बारीक’ या अर्थाच्या शब्दावरून ठेवलंय, किती आशा होती बघा लोकांना.

पण झालं असं की चरबी वाढली की लेप्टिन पण वाढतं, आणि सारखा तोच निरोप ऐकून मेंदू बहिरा होतो, भूक काही कमी होत नाही. बहिरा फक्त भुकेच्या बाबतीत होतो, बीपी वाढवायचं जे काम लेप्टिन करतं ते मात्र चालूच राहतं, म्हणजे फायदा गेला आणि नुकसान राहिलं.

आता ते बीपी कसं वाढवतं. किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते, अ‍ॅड्रिनल म्हणतात तिला. ती अ‍ॅल्डोस्टेरॉन नावाचा हार्मोन सोडते. १९५३ मध्ये तो पहिल्यांदा वेगळा काढला गेला. त्याचं काम किडनीला सांगायचं की मीठ बाहेर टाकू नको, धरून ठेव. मिठाच्या मागं पाणी थांबतं, पाणी थांबलं की नळीतलं प्रेशर वाढतं, एवढं साधं आहे. उन्हातान्हात घाम गाळणाऱ्या माणसाला हा हार्मोन जीव वाचवणारा आहे, पण गरज नसताना वाढला की रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब करतो, त्या कडक व्हायला लागतात, हृदयाचा स्नायूसुद्धा राठ होतो.

बरेच वर्षं असं धरून चालले होते की अ‍ॅल्डोस्टेरॉनचा चाप फक्त किडनीतून सुरू होणाऱ्या रेनिन-अँजिओटेन्सिन नावाच्या हार्मोनच्या साखळीच्या आणि रक्तातल्या पोटॅशियमच्या हातात असतो. मग २०१५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ऑगस्टा इथं एरिक बेलिन द शांतमेल यांच्या टीमनं दाखवलं की लेप्टिन थेट त्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीलाच अ‍ॅल्डोस्टेरॉन बनवायला लावतं. म्हणजे पोटावरची चरबी आणि बीपी यांच्यात मधे कुणी दलाल नाही, डायरेक्ट फोन आहे. यातलं बरंच काम उंदरांवरचं आहे हे लक्षात ठेवा, माणसात सगळं तंतोतंत तसंच असतं असं नाही, पण दिशा तीच दिसायलीय.

माझे मालक माझ्यापेक्षा दुप्पट जाड आहेत, त्यांचं बीपी नॉर्मल आणि माझंच वाढलेलं, हे कसं काय?

आधी त्यांचं खरंच मोजलंय का ते बघा, कारण पुरुष मोजायलाच येत नाहीत. मोजून नॉर्मल असंल तर ऐका. सारख्याच वजनाच्या बाई आणि पुरुषात बाईच्या रक्तात लेप्टिन दोन-तीन पट असतं. बाईच्या शरीरात चरबीचं प्रमाण निसर्गतःच जास्त, बाळंतपणाची ती तरतूद आहे. आणि त्याच ऑगस्टाच्या टीमच्या कामात असं दिसलं की माद्यांमध्ये लेप्टिन मुख्यतः अ‍ॅल्डोस्टेरॉनच्या वाटेनं रक्तवाहिन्या बिघडवतं, नरांमध्ये वजनाचं बीपी जास्त करून मेंदूचे निरोप नेणाऱ्या नसांच्या वाटेनं, म्हणजे ज्यानं छाती धडधडते त्या सिंपथेटिक सिस्टीमच्या वाटेनं वाढतं. वाढलेलं बीपी मशीनवर सारखंच दिसतं पण आतली भानगड वेगळी.

त्यात आणखी एक. पाळीच्या चक्रातला प्रोजेस्टेरॉन हार्मोन रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर अ‍ॅल्डोस्टेरॉनला बसायच्या जागा वाढवतो असंही उंदरांच्या अभ्यासात आलंय. आपल्याला नेहमी सांगितलं जातं की पाळी चालू आहे तोवर बाईचं हृदय सुरक्षित, अंडाशयातून येणारा इस्ट्रोजेन हार्मोन सांभाळतो. बारीक बाईच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं. पण पस्तिशीतच पोट सुटलं, वजन वाढलं, शुगर आली की ते कवच पातळ होतं, आणि ही गोष्ट आपल्याकडं बायकांना कुणी सांगतच नाही.

तसं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात पंधरा वर्षांवरच्या बायकांत बीपीचं प्रमाण साधारण २१ टक्के आणि पुरुषांत २४ टक्के आलं होतं. म्हणजे एकूणात पुरुष थोडे पुढं आहेत, पण पन्नाशी-साठीनंतर बाया त्यांना गाठतात आणि मागं टाकतात.

मी काही जाड नाही, हात-पाय काड्या आहेत, फक्त पोट आहे. मला पण लागू आहे का?

तुम्हालाच जास्त लागू आहे माय. मांड्या-कुल्ह्यांवरची कातडीखालची चरबी तशी गरीब असते, पोटात आतड्यांच्या आजूबाजूला बसलेली जी असते ती उपद्रवी. आपल्या लोकांच्यात वजन फार नसताना पोट सुटायची खोड आहे, म्हणूनच आपल्यासाठी मापं पण कडक ठेवलीत. बाईची कंबर ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, त्याच्या वर गेली की धोक्याची बाजू सुरू, पुरुषाला ९०. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, आपल्याकडं २३ च्या पुढं जास्त आणि २५ च्या पुढं लठ्ठ धरतात, ३० पर्यंत थांबायचं नाही.

मोजायचं कसं, तर शिंप्याचा टेप घ्यायचा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड याच्या बरोबर मधे, साधारण बेंबीच्या थोडं वर, उघड्या अंगावर. निऱ्यांवरून मोजू नका, आणि पोट आत ओढू नका. श्वास सोडून मोजायचं. मीटिंगमधे मोजताना अर्ध्या बायका श्वास रोखून धरतात, मला हसू येतं, टेपला फसवून काय मिळणार हाय.

किती बीपी म्हणजे जास्त? दर वेळी वेगळंच येतं.

१२० वर ८० च्या खाली चांगलं. दवाखान्यात दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी १४० वर ९० किंवा त्याच्या वर आलं तर बीपी आहे असं आपल्याकडं धरतात, घरच्या मशीनवर १३५ वर ८५. वरचा आणि खालचा दोन्ही वाढायला पाहिजेत असं काही नाही, एक वाढला तरी पुरं.

वेगळं येतं ते मोजण्याच्या पद्धतीमुळं. एसटीतून उतरून, पायऱ्या चढून, धापा टाकत आलात आणि लगेच पट्टा बांधला तर जास्तच येणार. पाच मिनिटं गप बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर (मांडी घालून नाही), हात हृदयाच्या उंचीवर टेकवलेला, आधी अर्धा तास चहा, मिश्री, तंबाखू काही नाही, लघवी लागली असंल तर जाऊन यायचं, आणि मोजताना बोलायचं नाही, हे शेवटचं सगळ्यात अवघड. अजून एक गोष्ट जी कुणी बघत नाही: पट्ट्याचा साईज. दंड जाड आणि पट्टा लहान असला की बीपी खोटं जास्त दाखवतं. जाड दंडाच्या बाईनं मोठा पट्टा मागायचा, नसंल तर तसं लिहून घ्यायला सांगायचं. घट्ट ब्लाऊजची बाही वर सरकवून दंड आवळून पण चुकीचं येतं, त्यापेक्षा पातळ बाही असंल तर तशीच राहू द्या.

पाळी जायच्या टायमाला बीपी वाढतं का?

वाढतं बऱ्याच जणींचं. आपल्याकडं पाळी साधारण शेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते. अंडाशय थकले की इस्ट्रोजेन पडतं, रक्तवाहिन्या सैल ठेवायचं काम तेच करत होतं. त्याच वेळी चरबी मांड्यांवरून पोटाकडं मुक्काम हलवते, वजनकाटा तोच दाखवतो पण ब्लाऊज आणि परकर घट्ट व्हायला लागतात. आणि मिठाला शरीर जास्त हुळहुळं होतं, पूर्वी पचायचं तेवढंच मीठ आता बीपी वाढवतं. अंगातून वाफा येणं, रात्री घाम, छातीत धडधड, हे सगळं ‘वयाचं आहे’ म्हणून सोडून देतात आणि त्या धडधडीत बीपी मोजायचं राहून जातं. चाळिशीनंतर वर्षातून एकदा तरी मोजाच. आणि पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या बीपीसाठी म्हणून घेत नसतात, ते वेगळ्या त्रासासाठी आणि तपासून देतात.

माझी पिशवी तिशीतच काढलीय. त्याचा काही संबंध?

असू शकतो. हा प्रश्न आमच्या भागात जेवढा येतो तेवढा दुसरीकडं कुठं येत नसंल. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, विधान परिषदेत आवाज उठला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली, आणि सर्वेक्षणात ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. खाडा पडला तर मुकादमाचा दंड, कोपीवर (ऊसतोडीच्या झोपडीत) ना संडास ना पाणी, पांढरं जायला लागलं की कुणीतरी कॅन्सरची भीती घालतं आणि बाई टेबलावर. त्याच्यावर मी बोलायला लागले तर हे पान पुरणार नाही.

बीपीपुरतं सांगते. पिशवी काढताना अंडाशय ठेवले का काढले हे कळणं महत्त्वाचं. दोन्ही काढले असतील तर जे इस्ट्रोजेन हळूहळू दहा-पंधरा वर्षांनी कमी व्हायचं ते एका रात्रीत बंद पडलं, आणि अशा बायकांना पुढं हृदयाचे, हाडांचे त्रास लवकर सुरू होतात. अंडाशय ठेवले तरी ते थोडे लवकर थकू शकतात. त्यामुळं डिस्चार्ज कार्ड शोधा, ट्रंकेत, कॅरीबॅगमधे कुठं तरी असंल, आणि सरकारी दवाखान्यात दाखवून विचारा की नक्की काय काय काढलंय. कार्ड नसंल तर सोनोग्राफीत अंदाज येतो. चाळिशीची वाट बघू नका, तुमची बीपी-शुगर दरवर्षी, आजपासून.

पोरीला पीसीओडी आहे, ती तर बावीस वर्षांची. तिचं पण मोजायचं?

मोजायचं. पीसीओडीत, म्हणजे पाळी पुढं-मागं होते त्या अंडाशयाच्या त्रासात, इन्सुलिन नीट लागू पडत नाही म्हणून शरीर ते जास्त सोडतं, आणि जास्तीचं इन्सुलिन किडनीला तेच सांगतं जे अ‍ॅल्डोस्टेरॉन सांगतं, मीठ धरून ठेव. लग्न झाल्यावर आपोआप नीट होईल असं सांगणारे भेटतील, होत नसतं. पाच-सात टक्के वजन उतरलं तरी पाळी बऱ्याचदा लाईनीवर येते.

गरोदरपणात बीपी वाढलं होतं, बाळंतपणानंतर उतरलं. आता सुटले ना?

नाही हो. वीस आठवड्यांनंतर बीपी वाढून लघवीतून प्रथिनं जाणं, अंगावर सूज, झटके, हे ज्यांना झालं त्यांना पुढं आयुष्यात हृदयरोगाचा धोका जवळपास दुप्पट राहतो आणि बीपीचा त्याहून जास्त. शरीरानं एकदा इशारा दिलाय असं समजा. बाळाच्या लसीकरणाला जाता ना, तेव्हा स्वतःचा पण हात पुढं करा. पुढच्या खेपेला पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरला हे सांगायचं, कारण बाराव्या आठवड्यापासून कमी डोसची अ‍ॅस्पिरिन सुरू करून धोका कमी करता येतो, सातव्या महिन्यात सांगून उपयोग नाही.

आणि हे ठळक अक्षरात वाचा: बीपीची टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल यातली गोळी चालू असंल आणि दिवस राहिले किंवा ठेवायचे असतील तर लगेच डॉक्टरला गाठून गोळी बदलून घ्या, त्या बाळाला घातक आहेत. लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा असल्या वेगळ्या गोळ्या असतात गरोदरपणासाठी.

माला-एन (पाळणा लांबवायची गोळी) घेतल्यानं बीपी वाढतं का?

काहीजणींचं वाढतं, कारण त्यात इस्ट्रोजेन आहे (बाहेरून गोळीतून आलेलं इस्ट्रोजेन लिव्हरला बीपी वाढवणारा कच्चा माल जास्त बनवायला लावतं, आतलं वागतं तसं ते वागत नाही). आधीच बीपी असंल तर माला-एन नको. तांबी आहे, छाया गोळी आहे, तिच्यात हार्मोन नाहीत, आणि मालकांची नसबंदी पण असते, तो ऑप्शन कुणी विचारतच नाही.

मीठ किती? आम्ही तर वरून घेतच नाही.

दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, त्यात भाजीतलं, वरणातलं, सगळं आलं. वरून घेत नाही हे सगळ्या सांगतात, मग मी विचारते ठेचा? लोणचं? शेंगदाण्याची चटणी? उन्हाळ्यात केलेल्या कुरडया, पापड, सांडगे? दुपारच्या चहासोबत खारी, फरसाण? तिथं सगळी गप. पापडात मीठ पण असतं आणि पापडखार पण, तो सुद्धा सोडियमच, खाण्याचा सोडा पण सोडियमच. सैंधव मीठ खाल्लं की बीपीला चालतं हा मोठा गैरसमज, ते पण मीठच आहे, फक्त गुलाबी आणि महाग.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. ज्वारीच्या भाकरीत मीठ नसतं. ब्रेड-बिस्कीट खाणाऱ्याच्या पोटात न कळत जे मीठ जातं ते भाकरीवाल्याच्या जात नाही. भाकरी, बिनमिठाचं ताक, घट्ट वरण, अंबाडी, चुका, मेथी, शेपू असलं जेवण असंल तर पोटॅशियम पण भरपूर मिळतं आणि ते मिठाच्या उलट काम करतं. अडचण भाकरीत नाहीच, अडचण तिच्यासोबत ठेच्याचा जो गोळा येतो त्याच्यात आहे. ठेचा सोडा असं मी म्हणणार नाही, मला स्वतःला जमणार नाही, मिरच्या-लसूण तेवढेच ठेवून मीठ निम्मं करा, आठवडाभर अळणी लागतो, मग जिभेला सवय होते.

अ‍ॅल्डोस्टेरॉनचं आणि मिठाचं मुख्य भांडण हेच आहे की तो हार्मोन वाढलेला असताना मीठ पण जास्त असलं की रक्तवाहिन्यांचं सगळ्यात जास्त वाटोळं होतं. मीठ कमी असंल तर त्याला धरून ठेवायलाच फार काही मिळत नाही. दुकानात ‘लो सोडियम’ मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम घातलेलं असतं, किडनीचा त्रास असंल किंवा टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन असल्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

घरगुती काढा, ज्येष्ठमध, मिश्री, यानं काही होतं का?

ज्येष्ठमधाचं लोकांना खोटं वाटतं पण खरं आहे. त्यातला गोड घटक शरीरातली अशी एक व्यवस्था बंद पाडतो जिच्यामुळं कॉर्टिसोल नावाचा हार्मोन अ‍ॅल्डोस्टेरॉनच्या खुर्चीत बसू शकत नाही. व्यवस्था बंद पडली की कॉर्टिसोल जाऊन खुर्चीत बसतो, मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं. खोकला आला म्हणून दोन दिवस कांडी चघळली तर काही नाही, पण रोज महिनोन्‌महिने काढा, चूर्ण घेणारीनं बंद करून बघावं.

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, दात घासायच्या नावाखाली. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त मिश्री लावते’ हे वाक्य आमच्या भागात कायम ऐकायला मिळतं. निकोटीन हिरडीतून रक्तात जातं आणि तासभर बीपी आणि ठोके वर नेतं, काहीजणी दिवसातून चार-पाचदा लावतात, तर तेवढ्यांदा.

आणि सगळ्यात मोठा लपलेला गुन्हेगार म्हणजे गुडघ्याच्या, कमरेच्या गोळ्या. खुरपणी, वेचणी करून कंबर धरते, मेडिकलमधून डायक्लोफिनॅकची पट्टी आणायची आणि रोज एक, वर्षानुवर्षं. त्या गोळ्या मीठ-पाणी धरून ठेवतात, किडनी खराब करतात आणि बीपीच्या गोळीचं काम निष्फळ करतात. डॉक्टर बीपीची गोळी वाढवत राहतात कारण तुम्ही दुखण्याची गोळी सांगतच नाही. सगळ्या गोळ्यांची पिशवी उपडी करून दाखवा त्यांच्या टेबलावर.

नवरात्रात नऊ दिवस उपास असतो, बीपीची गोळी घेतली तर चालते का?

चालते, पाण्यासोबत घ्या. तुळजाभवानीला गोळीचा राग नाही. नऊ दिवस गोळी सोडली की दहाव्या दिवशी बीपी २०० वर घेऊन आलेल्या बायका मी दसऱ्याला बघितल्यात. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन असंल तर मात्र आधी विचारून डोस ठरवावा लागतो. आणि उपासाला शाबूदाणा, शेंगदाणे, बटाट्याचे वेफर, भगर, साखरेचा चहा, हे बघून मला उपास म्हणावं का दुप्पट खाणं म्हणावं कळत नाही, पोटावरची चरबी अशानं वाढते, कमी होत नाही.

गोळी एकदा सुरू झाली की जन्मभर घ्यावी लागते ना, म्हणून मी टाळतेय.

गोळीमुळं बीपी जन्मभर राहत नसतं, बीपी आहे म्हणून गोळी असते. वजन उतरवून, मीठ कमी करून डोस कमी झालेल्या, कधी बंद पण झालेल्या बायका आहेत, पण ते मोजून, डॉक्टरनं ठरवून. बरं वाटलं म्हणून सोडायची नाही, बरं वाटतंय ते गोळीमुळंच.

अ‍ॅम्लोडिपिननं पाय सुजतात काहींचे, बायकांचे जरा जास्तच, एनालाप्रिलनं कोरडा खोकला येतो, असं झालं तर गोळी फेकून देऊ नका, बदलून मागा. तीन-तीन गोळ्या घेऊन पण बीपी हटत नसंल, त्यात वजन जास्त असंल, तर अ‍ॅल्डोस्टेरॉन अडवणारी स्पायरोनोलॅक्टोन गोळी बऱ्याचदा जोडतात. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या पाथवे-२ नावाच्या अभ्यासात अशा हट्टी बीपीवर जोडायला तीच सगळ्यात चांगली ठरली. आता वरचं सगळं आठवा, चरबी, लेप्टिन, अ‍ॅल्डोस्टेरॉन, म्हणजे ही गोळी का लागू पडते ते कळंल. पण ती जपून द्यावी लागते, रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते त्यावरून कळतं) तपासत राहावं लागतं, पाळी पुढं-मागं होते, स्तन दुखतात, आणि गरोदरपणात चालत नाही. असल्या त्रासांसाठी एप्लेरेनोन म्हणून बहीण-गोळी आहे, महाग पडते.

लेप्टिनची टेस्ट करून घेऊ का? लॅबवाला म्हणाला, ती होते.

पैसे वाचवा. रिपोर्ट आला तरी त्यावरून उपचार काही बदलत नाही. लेप्टिनची टेस्ट लागते ती फार दुर्मिळ बाबतीत. १९९७ मध्ये इंग्लंडमधे पाकिस्तानी मूळ असलेल्या दोन चुलत-मावस भावंडांत सापडलं की त्यांच्या शरीरात लेप्टिन बनतच नाही, लहानपणीच भयंकर वजन. अशा लोकांबद्दल पुढं एक गंमत कळली, एवढं वजन असून त्यांचं बीपी वाढत नाही. म्हणजे नुसत्या वजनाच्या भारानं बीपी वाढत नसावं, मधे लेप्टिन लागतं.

करायच्याच असतील तर शुगर, क्रिएटिनिन, पोटॅशियम, लघवी, कोलेस्टेरॉल, एकदा ईसीजी आणि थायरॉईड करा, कारण थायरॉईड मंद असला की खालचं बीपी वाढतं. तिशीतच बीपी, किंवा पोटॅशियम कमी, किंवा तीन गोळ्यांना दाद देत नाही, तर मग रेनिन आणि अ‍ॅल्डोस्टेरॉनची टेस्ट विचारा, किडनीवरच्या त्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतल्या गाठीमुळं अ‍ॅल्डोस्टेरॉन वाढायचा एक वेगळा आजार असतो, तो सापडला तर नीट होतो. आणि रात्री जोरात घोरता, मधेच श्वास अडकून दचकून उठता, दिवसा झोप येते, तर तेही सांगा, घोरण्याचा आणि हट्टी बीपीचा जवळचा संबंध आहे.

दिवसभर शेतात राबतो, घरी धुणं-भांडी, परत चालायला कशाला पाहिजे?

राबता हे मान्य, मी शहरातल्या डाएटवाल्या बाईसारखं ‘अ‍ॅक्टिव्ह राहा’ म्हणणार नाही. पण वाकून खुरपणं आणि दम लागेल असं चालणं यात फरक आहे. जी खरंच रोज रोजंदारीला जाते तिचं चालणं झालंय, तिला झोप आणि दूध-डाळ जास्त गरजेची. ज्यांचं शेत बटईनं दिलंय, मोटारसायकलवर मागं बसून जातात, संध्याकाळी सिरियल, त्यांनी आठवड्याला १५० मिनिटं. गावात बाईनं एकटं चालायला निघालं की लोक विचारतात ‘कुठं निघालाव?’, म्हणून आमच्या गटाच्या सहाजणी मिळून पहाटे मारुतीच्या देवळापर्यंत जातो, आता कुणी विचारत नाही.

वजन किती उतरवायचं, तर एक किलोला साधारण एक पॉइंट बीपी उतरतं असा ढोबळ हिशोब आहे, पाच किलो गेलं की पाच. कमी वाटतं पण गोळीसोबत मोठं पडतं. वजनाच्या इंजेक्शनांचं पण हल्ली विचारतात, त्यानं वजन आणि बीपी दोन्ही उतरतं, पण बंद केलं की वजन परत येतं आणि मळमळीचा त्रास असतो, व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायची गोष्ट नाही ती.

उन्हाळ्यात चक्कर येते, गोळी अर्धी करू का?

स्वतःहून नको. पण आपल्याकडं ४२-४३ डिग्री जातं तेव्हा ज्यांना लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू आहे त्यांना घामानं पाणी कमी होऊन बीपी उतरू शकतं, उठल्यावर डोळ्यांपुढं अंधारी येते. बसून आणि उभं राहून, दोन्ही मोजा, वहीत लिहा आणि ती वही दाखवा. उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम फुकट मोजतात, गोळ्या पण सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. आशाताई तिशीच्या पुढच्यांचा फॉर्म भरायला दारात येते तेव्हा तिला ‘नंतर ये’ म्हणू नका.

डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही ना? आणि कधी पळत सुटायचं?

बहुतेकांना काहीच दुखत नाही, म्हणून तर मोजावं लागतं. पळायचं तेव्हा, जेव्हा १८० वर १२० च्या पुढं गेलंय आणि सोबत छातीत दुखतंय, दम लागतोय, तोंड वाकडं झालंय, हात-पाय लुळा पडलाय, बोलणं अडखळतंय, दिसायला अंधुक झालंय, किंवा गरोदर बाईचं डोकं जोरात दुखतंय. १०८ ला फोन करायचा. तोंड वाकडं, हात-पाय लुळा, बोलणं अडखळणं किंवा गरोदर बाईचं जोरात डोकं दुखणं असंल तर १८० ची वाट बघायची नाही. नुसता आकडा जास्त आहे आणि बाकी काही होत नाही तर शांत बसवून पंधरा मिनिटांनी परत मोजा, राहिलेली गोळी द्या, त्याच दिवशी दवाखाना गाठा. जिभेखाली गोळी फोडून ठेवायचा जुना उद्योग करू नका, बीपी धाडकन पडून बाई तिथंच लुळी पडल्याचं मी बघितलंय. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत उशीला टेकवून बसवा, पाणी-साखर तोंडात घालू नका, आणि कुणाला तरी घरात पाठवून चालू गोळ्यांची पिशवी आणि जुनी फाईल काढून ठेवा, गाडीत बसताना ती हमखास विसरते.